बॅटरी बसली, असं तुम्ही म्हणालात

बाबा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा कधी भांडले नाही. आईशी भांडले, सासूशी भांडले, घरचे माग भंगारात निघाले तेव्हा ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही, पण तुमच्याविषयी कोणी वाकडा शब्द काढला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या मनात तुमची एक जागा ठरलेली होती, आणि ती एका सकाळमुळे ठरलेली होती. ती सकाळ गेल्या महिन्यात माझ्या हातून निसटली. आता तुमच्याशी भांडायचं तर तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसले.

आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर महिनाभर मी गावाला तिच्यापाशी राहिले. मी आता सासरहून, भिवंडीतल्या नारपोलीहून, बायपासवरच्या एका गोदामात कामाला जाते. दिवसभर उभं राहून लोकांची पार्सलं तपासायची, फुटलेली बाजूला काढायची. शिफ्ट सुटते तेव्हा तिकडे रिक्षा मिळत नाही, म्हणून मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची मोटरसायकल मी विकू दिली नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले. पहिल्यांदा गोदामाच्या फाटकातून आत घेतली तेव्हा वॉचमन उठून उभा राहिला होता, कोणी साहेब आला असं वाटून. तर ती गाडी महिनाभर आमच्या जिन्याखाली उभी होती, आणि परत आल्यावर ड्युटीच्या पहिल्याच सकाळी मी सेल्फ दाबला तर नुसतं टिक्. पुन्हा दाबला, टिक्. स्टँड वर आहे का बघितलं, न्यूट्रलचा दिवा बघितला, हँडलवरचं लाल बटण चुकून दाबलंय का ते बघितलं, टाकी हलवून पेट्रोल बघितलं. सगळं ठीक. हॉर्न दाबला तर ह्यांच्या छातीसारखा घरघरला. सगळी उमर मागावर गेली, कापसाचा तूस छातीत बसलाय, आता जिना चढले तरी त्यांना धाप लागते. मग मी सीट उघडली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. गरम पाणी ओतून जुन्या ब्रशनं ती घासली, पुसली, स्क्रू आवळले. तरी टिक्. गल्लीतल्या दोघांनी धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बघितला, गाडी अडखळली आणि गप झाली.

मग टेम्पोत घालून ती निजामपुऱ्यात चाचांच्या गॅरेजमध्ये नेली. हे तुमचेच चाचा. तुम्ही निजामपुऱ्यातल्या चहाच्या हॉटेलांना दूध घालायचात तेव्हा तुमची गाडी त्यांच्याकडे असायची, म्हणून माझीही गाडी त्यांच्याकडेच. आता ते स्वतः पाना हातात घेत नाहीत, दाराशी स्टुलावर बसून असतात आणि कारागिरांना शिव्या घालतात. पण मला बघून उठले. मीटर लावून बघितला आणि म्हणाले, "बॅटरी बैठ गयी, बेटी. महिनाभर खडी रखेगी तो बैठेगीच." दुसऱ्या बॅटरीच्या दोन वायरी आणून लावल्या, म्हणाले, दबा. मी दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. इतकी साधी गोष्ट होती. मी हसले. नवी बॅटरी बसवायला लागणार होती, चहा आला, आम्ही बसलो. चाचा म्हणाले, ही नवी गाडी आहे, हिला करंट नाही तर हिच्यात पेट्रोलसुद्धा चढत नाही, धक्का मारून काय होणार. मी म्हटलं, "किक असती तरी काय झालं असतं, चाचा? आमच्या बाबांची किकचीच गाडी होती, तिच्या पण बॅटरीनं ऐन वेळेला दगा दिला." आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली. ती मी आयुष्यात कितीतरी जणांना सांगितली आहे, बाबा. ह्यांना सांगितली, मुलाला तर लहानपणी झोपवताना सांगितली.

मी बारावी झाले होते. ठाण्याच्या नर्सिंगच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आपल्या वज्रेश्वरी रोडवरच्या चार गावांत मिळून तसं बोलावणं आलेली मी एकटी. आदल्या दिवशी आईनं माझी ओढणी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. सकाळी तुम्ही नेहमीसारखे अंधारातच दूध घेऊन गेलात आणि उजाडल्यावर परत आलात. मी फाइल घेऊन अंगणात तयार उभी आहे. फाट्यावर भिवंडीची एसटी येऊन थांबल्याचा आवाज येतो, मी निघते, आणि तुम्ही म्हणता, "कशाला धावतेस? मी हाय ना. मी सोडतो ठाण्यापर्यंत. बापाच्या गाडीवरनं जा, ऐटीत." मला इतका आनंद झाला होता. एसटी गेली. तुम्ही चहा घेतलात. मग गाडीला किक मारलीत. नाही झाली. पुन्हा मारलीत. मारतच राहिलात. गाडी तिरकी करून हलवलीत, चोक ओढलात, पुन्हा किक. मी म्हणाले, "बाबा, मी फाट्यावर जाऊन जीप बघू का?" तुम्ही म्हणालात, "थांब, होतेच आता." थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं, पुन्हा तुम्ही म्हणालात, "होतेच आता." तुमच्या शर्टाला पाठीवर घामानं नकाशा पडला होता. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, तुम्ही ते उभ्यानं प्यायलात, मी माझ्या त्या इस्त्रीच्या ओढणीनं तुमचं कपाळ पुसलं. शेवटी तुम्ही पायरीवर बसलात आणि म्हणालात, "बॅटरी बसली, पोरी. माझ्याच्यानं न्हाय होत." ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. मुलाखत कधीच सुरू झाली असणार. मी रडले नाही, कारण तुमचा चेहरा बघवत नव्हता. मीच म्हणाले, "असू दे बाबा. पुढच्या वर्षी बघू."

ही गोष्ट. चाचा ऐकताना मध्येच कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "बॅटरी? कौनसी बॅटरी?" मी म्हटलं, बाबांच्या गाडीची. ते हसलेच. म्हणाले, "उस गाडी में बॅटरी थी किधर? पहिली खराब हुई तो मैंनेच निकाल के फेंकी. तुम्हारे बाबा बोले, नई कायको डालनी, किक से तो चलती है. बेचने तक वो गाडी बिना बॅटरी के चली." मी म्हटलं, बॅटरीशिवाय गाडी चालू होतेच कशी? त्यांनी मला समजावलं, अगदी सावकाश, हातानं किक मारल्यासारखं करून. त्या जुन्या गाड्यांत किक मारली की तिच्यातूनच ठिणगी पडायची, बॅटरी लागायची ती फक्त हॉर्नला आणि वळायच्या दिव्याला. बोलता बोलता त्यांनी माझं तोंड बघितलं असावं. म्हणाले, "किसी और गाडी की बात होगी, बेटी. पुरानी बात है." आणि उठून विनाकारण कारागिरावर ओरडायला लागले. भला माणूस आहे.

दुसरी गाडी आपल्याकडे कुठे होती? तुमच्या गाडीचा हॉर्न वाजायचा नाही. वज्रेश्वरीच्या बाजारातून जाताना तुम्ही तोंडानं ओरडायचात, "ओ, बाजू!", आणि मागे बसलेली मी हसायचे. सीटखाली डाव्या बाजूला, पत्र्याचं झाकण काढलं की एक चौकोनी खोबण होती, त्यात तुम्ही प्लगचा पाना आणि फडकं ठेवायचात. दर रविवारी त्याच फडक्यानं मी तुमची गाडी पुसायचे. माझा हात शेकडो वेळा त्या खोबणीत गेला असेल. ती बॅटरीची जागा आहे, रिकामी आहे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. शेजारच्या पोरांना तुम्ही गाडीचं सगळं शिकवलंत, कुठे काय असतं ते. मी जवळ येऊन उभी राहिले की म्हणायचात, "तू फडकं मार." मला त्यात काही वाटायचंही नाही. तुम्हाला त्या सकाळी एक कारण हवं होतं, आणि घरात ज्या एका माणसाला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही त्याला सांगायला कुठलाही शब्द चालणार होता. तुम्ही बॅटरी म्हणालात.

त्या दिवशी मी गोदामात खाडा केला आणि संध्याकाळी नव्या बॅटरीवर थेट गावाला गेले. आई खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मी काही प्रस्तावना केली नाही. "त्या दिवशी बाबांची गाडी बंद पडली नव्हती ना?" कुठला दिवस ते तिनं विचारलं नाही, बाबा. तिथेच मला सगळं कळलं. तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाली, "तू एसटीकडं बघत व्हतीस तवा त्यांनी वाकून पुढली काळी वायर उपसली. मी गोठ्याच्या दारात व्हती. मंग दुपारी तू आत पडली व्हतीस तवा परत लावली." प्लगची, ठिणगीची वायर. आता मला कळतं ती कुठे असते. आता मी डोळे मिटून ती काढून परत लावू शकते.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. म्हणजे ओरडलेच असेन, कारण शेजारच्या घराची खिडकी उघडली. आई म्हणाली, "रविवारी नारपोलीचे पाव्हणे येणार व्हते. पोरगी ठाण्याला हॉस्टेलात ऱ्हाती म्हनलं की सोयरीक मोडली असती, असं त्यांना वाटलं. मला ठाव व्हतं. बोलून काय झालं असतं? तू गेली असतीस. मला हितंच ऱ्हायाचं व्हतं, त्यांच्यासंगं." मी तिला आणखी काय बोलणार? तिला अजून आधाराशिवाय चालताही येत नव्हतं. मी तिच्या पायाची पट्टी बदलली, तिला संडासला नेऊन आणलं, आणि परत येताना सगळ्या रस्त्यात मी हेल्मेटच्या आत तुम्हाला शिव्या देत होते. चाचा कारागिरांना देतात तसल्या. बायकांच्या तोंडात शोभत नाहीत तसल्या.

एक गोष्ट मला अजून समजत नाही. तुम्ही नको म्हणू शकला असतात. तुम्ही नको म्हणालात तर घरात भांडीसुद्धा आवाज करत नसत. "जायचं नाही" एवढं म्हणाला असतात तर मी चार दिवस जेवले नसते, तुमचा राग केला असता, कदाचित पळूनही गेले असते. तो राग माझ्याकडे राहिला असता, कधीतरी कामाला आला असता. तुम्ही त्याऐवजी तासभर किका मारल्यात. वायर काढलेल्या गाडीला, भर उन्हात, घाम गाळून. तुम्हाला मला अडवायचंही होतं आणि माझ्या नजरेत चांगलंही राहायचं होतं. दोन्ही साधलंत. लग्नात मी तुमच्याच गळ्यात पडून रडले. पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हा तुमच्या पायांना तेल लावलं, किका मारून मारून तुमचा गुडघा दुखतो म्हणून.

आणि ती शिलाई मशीन. पाहुणे येऊन पसंती देऊन गेले, त्याच आठवड्यात तुम्ही भिवंडीहून मशीन घेऊन आलात. गाडीच्या मागे, दुधाच्या कॅनच्या मध्ये, दोरीनं आवळून बांधलेली. गल्लीतली सगळी बघायला जमली. "पोरीला घरबसल्या काम," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. मला वाटलं, बापाला माझ्या मुलाखतीची इतकी चुटपुट लागली की स्वतःहून मशीन आणली. बॅटरी बसलेली गाडी कुठे दुरुस्तीला न जाता आठवडाभरात अख्खी मशीन घेऊन कशी आली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी त्या मशीनला हळद-कुंकू लावलं. वर्षानुवर्षं तिच्यावर लोकांचे ब्लाउज शिवले, माग बंद पडले तेव्हा तिच्यावरच घर चाललं, आणि दर वेळी दोरा ओवताना तुमची आठवण यायची, चांगली आठवण. परवा मी ती उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जागा अडते.

शेवटच्या आजारपणात तुमची उजवी बाजू गेली होती. मी दर आठवड्याला नारपोलीहून येऊन तीन-चार दिवस राहायचे. तुम्हाला अंघोळ घालायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायचे, पावडर लावायचे. डॉक्टर म्हणाले होते की इतकी नीट ठेवलेली पाठ मी बघितली नाही. आणि कोणी भेटायला आलं की तुम्ही त्या अडखळत्या जिभेनं सांगायचात, "आमची पोर... नर्सच हाय." माणसं हसून मान डोलवायची. मीही हसायचे. मला ते कौतुक वाटायचं, बाबा. आता आठवतंय की ते म्हणताना तुम्ही कधी माझ्याकडे बघितलं नाहीत, भिंतीकडे बघायचात. तोंड चालत होतं तुमचं. सहा-सात महिने चालत होतं. दुपारी घरात आपण दोघंच असायचो, मी तुमचे पाय दाबत असायचे. त्यातल्या एखाद्या दुपारी सांगून टाकलं असतंत तर काय झालं असतं? मी चिडले असते, पाणी द्यायची थांबले असते का? नसते थांबले. तुम्हाला ते माहीत होतं. तरी नाही सांगितलंत. जाताना मला त्या खोट्या सकाळीसकट ठेवून गेलात, आणि मी ती जपली, देवघरातल्या वस्तूसारखी.

माझं सगळं वाया गेलं असं मी म्हणत नाही. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. मुलगा चांगला निघाला. पण गोदामात संध्याकाळच्या वेळी पाय सुजतात, बुटांच्या कडा रुततात, आणि मी दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या पार्सलांकडे बघत उभी असते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक पांढरा गणवेश येतो. पूर्वीही यायचा. पूर्वी मी म्हणायचे, नशीब. आता मला त्या नशिबाचं तोंड माहीत आहे, त्याच्या कपाळावरचा घाम मी स्वतः पुसलाय.

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता. आजोबांना त्या काळी तसं वाटलं असेल." त्याला त्याचे आजोबा हवे आहेत. मी त्याला सांगितलेल्या गोष्टीतले. मी फोन ठेवला. त्याच्याकडून ते काढून घ्यायला माझा जीव झाला नाही, आणि याचाही राग तुमच्यावरच निघाला.

हे कुठे पाठवायचं नाही. आईला वाचून दाखवणार नाही, ह्यांना तर नाहीच. फाडेन, किंवा राहीलही कुठेतरी. पण लिहायलाच बसले आहे तर एक गोष्ट, जी मी चाचांनाही सांगितली नाही आणि आईलाही नाही. तुम्ही पायरीवर बसून "न्हाय होत" म्हणालात तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मला भीती वाटत होती, बाबा. ठाण्याची, हॉस्टेलची, मुलाखतीत इंग्रजीत विचारतील त्याची. आता जावं लागणार नाही असं वाटून मला बरं वाटलं होतं. क्षणभरच. तुम्ही समोर असतात तर हे ऐकून लगेच म्हणाला असतात, बघ, मी तुझ्या मनासारखंच केलं. तसं म्हणू नका. ती भीती माझी होती. एसटीत खिडकीशी बसून मी ती ठाण्याच्या वेशीवरच्या कशेळीच्या पुलापर्यंत नेली असती, आणि पूल ओलांडताना खाडीचा वारा लागला असता की ती गेली असती. मला खात्री आहे, गेली असती.